दोन तळ्यांचं पाणी

त्या राज्यात तळी दोन होती आणि पाणी एकाच तळ्यापुरतं होतं.

डोंगरावरून एक पाट खाली येई. पाट जिथे संपे तिथे एक लाकडी फळी होती. फळी एका बाजूला सरकवली की पाणी उगवतीच्या तळ्यात उतरे, दुसऱ्या बाजूला सरकवली की मावळतीच्या. एक तळं भरलं की दुसरं आटे, आणि आटलेल्या तळ्यातले बेडूक, खेकडे, गोगलगाई, झिंगे असे सगळे चिखलात शिरून झोपी जात. ते मरण नव्हतं. त्या झोपेत वय वाढत नसे, भूक लागत नसे, स्वप्नंही पडत नसत. पाणी परत आलं की तोंडातला घास जिथे राहिला होता तिथून पुढे चावला जाई, आणि भांडण ज्या शब्दावर थांबलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू होई.

त्यामुळे दोन्ही तळी एकदम जागी असलेली कुणी कधी पाहिली नव्हती. उगवतीच्या लोकांनी मावळतीचं कुणी हलताबोलताना पाहिलं नव्हतं आणि मावळतीच्यांनी उगवतीचं. अपवाद एकच, कूर्माजी कासव. तो दोन तळ्यांमधल्या बांधावर राही आणि दोन्हींपैकी कुठल्याच तळ्याचा नव्हता. तो पाटकरी होता. फळी त्याच्या ताब्यात असे.

कूर्माजीच्या कामाची एक रीत होती. पहाटे तो फळी मध्यावर आणून पाणी अडवी. दोन्ही तळी निजलेली असत. मग बांधाच्या मधोमध उभा राहून तो दोन्ही नावं पुकारी. आधी उगवती, मग मावळती. कधी आधी मावळती, मग उगवती, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. खरं तर ऐकायला कुणीच जागं नसे, तरी तो हे पथ्य पाळी. नावं घेऊन झाली की तो गप्प उभा राही, आणि वरून एक खडा पडे. खडा कोण टाकतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तळ्यातले लोक 'वरचा' म्हणून विषय सोडून देत. खडा ज्या बाजूला पडे तिकडे त्या दिवशीचं पाणी जाई. पडलाच नाही तर कूर्माजी थोडी वाट बघे आणि उगवतीकडे पाणी सोडी, कारण पूर्वापार तसं चालत आलं होतं. तळ्यात पाणी चढलं की तो त्या तळ्याचं नाव पुन्हा एकदा घेई. मग चिखलातून सगळ्यांचा मिळून आवाज येई, "आहोत." नाव घेतल्याशिवाय कुणी चिखलातून तोंड बाहेर काढत नसे. तो आगाऊपणा समजला जाई.

आणखीही एक रीत होती, ती तळ्यातल्या लोकांची. झोपलेल्या तळ्याचं नाव जागं असलेल्याने तोंडातून काढायचं नाही. काढलं तर पाणी तिकडे ओढ घेतं, अशी समजूत होती. बेडक्या आपल्या पिल्लांना पोहण्याआधी हे शिकवत. फारच गरज पडली तर 'पलीकडे' म्हणत, आणि बांधावर चढावं लागलं तर त्या बाजूला पाठ करून उभे राहत.

गिरजा ही उगवतीची खेकडीण. तिचा एक पाय लहानपणी तुटला होता आणि परत नीट उगवला नव्हता. चिखलाच्या गोळ्या वळणं हा तिचा उद्योग. त्या गोळ्यांचा कुणाला काही उपयोग होता असं नाही; हात रिकामे राहिले की तिला करमत नसे, एवढंच. बांधावर एक सपाट दगड होता, सामाईक ओटा. पाणी कुठेही असो, ओट्यावर ठेवलेली वस्तू जिथल्या तिथे राही. लोक तिथे शेवाळ वाळत घालत. एकदा गिरजाने तिथे गोळ्यांची एक ओळ मांडायला घेतली. ओळीला बाक दिला, आणखी थोडा बाक दिला, आणि ती पुरी व्हायच्या आत दिवस सरला.

पुन्हा जाग आली तेव्हा ओळ पूर्ण झालेली होती. गोळ्यांनी नव्हे, एका चकचकीत रेघेने. रेघ गोळ्यांच्या टोकाशी अलगद जोडलेली होती आणि मोठं, ऐसपैस वळण घेऊन परत आली होती. गिरजाला आधी रागच आला. आपल्या कामात कुणी हात घातला म्हणून ती बराच वेळ ओट्याभोवती तिरकी तिरकी फिरली. मग तिने रेघेच्या टोकापासून पुढे गोळ्या मांडल्या.

असं किती काळ चाललं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ओटा भरत गेला. गिरजाला आखूड, घट्ट वळणं आवडत, पलीकडचीला मोठी. एकदा गिरजाने मुद्दाम अगदी चिमटीत मावेल असा कोपरा काढला. उठून बघते तर कोपरा मोडून त्याचं रुंद वळण केलेलं. तिने परत कोपरा केला. पलीकडचीने परत वळण केलं. शेवटी एक दिवस कोपरा तसाच ठेवलेला सापडला, पण त्याच्या बरोबर टोकावर एक गोळी उचलून उलटी बसवलेली होती, रुसून पाठ फिरवून बसल्यासारखी. गिरजा त्या दिवशी एकटीच हसत होती. शेजारणींना वाटलं हिला पाणी बाधलं.

त्याच दिवशी तिने कूर्माजीला हळूच विचारलं, की पलीकडची ही कोण आहे.

"अनसा," कूर्माजी म्हणाला. "गोगलगाय आहे. तुझ्याइतकीच हट्टी. तीही विचारत होती, की त्या बाईचा डावा पाय अधू आहे का? गोळ्या डावीकडे कललेल्या असतात म्हणाली."

गिरजाने तो पाय पोटाखाली ओढून घेतला. उगवतीच्या तळ्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि तिच्या पायाकडे आजवर कुणी धड बघितलं नव्हतं. जिने तिला कधी पाहिलं नव्हतं तिला मात्र तो दिसला होता. ती बिळात गेली आणि पोटभर रडली. तेव्हापासून पाणी आपल्याकडे नसणं तिला जाचेनासं झालं. उद्या अनसाचा दिवस, असं म्हणून ती निजे.

उगवतीचं तळं जुनं झालं होतं, हे खरंच होतं. काठ ढासळत होते, तळाशी गाळ साचला होता आणि दूरच्या तळ्यांवरून येणारी नवी गाणी तिथल्या बेडकांना म्हणता येत नसत. मावळतीकडे असं काही झालं की तिथले लोक आपापले काठ आपणच लिंपून घेत आणि कसं लिंपलं ते ओट्यावर मांडून ठेवत, ज्याला हवं त्याने शिकावं. उगवतीला ती सवय नव्हती. तिथली सगळी बांधणी मुंगळ्यांनी केलेली, आणि दुरुस्तीही त्यांनीच करायची असा प्रघात होता. मुंगळ्यांचा निरोप्या खंड्या रोज सकाळी वेताच्या काडीवर येऊन बसे आणि गोड आवाजात विचारी, की तळं जुनं झालंय, आता नवं करून घेता की थोड्या वेळाने घेता? नको म्हणायची सोय त्या प्रश्नात नव्हती. लोक थोड्या वेळाने म्हणत. खंड्या थोड्या वेळाने परत येई.

तळ्याचे थोरले दादासाहेब बेडूक अखेर कंटाळून हो म्हणाले. पुढे त्यांनी तो आपला दूरदर्शी निर्णय होता असं सांगायला सुरुवात केली.

मुंगळ्यांचा मुकादम आला. मोठा सभ्य मुंगळा होता, कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही. त्याने तळ्याला फेरी मारली आणि काम कसं होईल ते समजावलं. पाणी काढून घेतलं जाईल, सगळ्यांना झोपावं लागेल, अधूनमधून जाग येईल आणि परत झोपावं लागेल, घाबरायचं नाही. तळाला चुन्याची गुळगुळीत फरशी होईल. बिळं आखून मिळतील. ज्याचं जे आहे ते त्याला जिथल्या तिथे सापडेल. मग त्याने कूर्माजीला विचारलं, की या पाण्यावर आणखी कुणाचा हक्क आहे का.

"दोन तळी आहेत," कूर्माजी म्हणाला. "मी दोन नावं पुकारतो."

मुकादमाने बांधावरून पलीकडे पाहिलं. भेगाळलेला चिखल होता. तो उगवतीच्या लोकांकडे वळला आणि त्याने तेच विचारलं. म्हातारा म्हणतोय ते बरोबर आहे का? पलीकडे कुणी राहतं का? राहत असेल तर त्या तळ्याचं नाव सांगा, म्हणजे पाटाचं दार तसं बांधता येईल.

कुणी बोललं नाही. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, हे सांगायला हवं. नाव घ्यायचं नाही हे प्रत्येकाच्या हाडात मुरलेलं होतं. बेडूक पाण्याकडे बघत राहिले, झिंगे आपल्या मिशा साफ करू लागले, आयांनी पिल्लांच्या तोंडावर हात ठेवले. कूर्माजीने मान लांब करून सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती गिरजावर येऊन थांबली.

गिरजाच्या तोंडात ते नाव आलं होतं. दातांपर्यंत आलं होतं. पण तिलाही पिल्लू असताना कुणीतरी तोंडावर हात ठेवूनच वाढवलं होतं. आणि तिला वाटलं, मी नाही बोलले तरी कूर्माजी आहे ना, त्याला सगळं माहीत आहे. तिने डोळे आत ओढून घेतले.

मुकादम समजूतदारपणे हसला. म्हातारपणी असं होतं, म्हणाला. कूर्माजीला आता विश्रांती द्यावी असं ठरलं. त्याला बांधावरून उचलून पलीकडच्या माळाच्या कडेला, गवतात नेऊन ठेवलं. जाताना तो गिरजाला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग झोप लागली. जाग आली, परत झोप लागली. एकदा गिरजा अर्धवट जागी झाली तेव्हा सगळीकडे निळसर उजेड होता आणि कुणीतरी म्हणत होतं, थोडंच राहिलंय, पाणी तोडू नका. शेवटी डोळे उघडले तेव्हा तळं ओळखू येईना. पाणी नितळ होतं, तळ लखलखत होता, काठ सरळ रेषेत होते. तिचं बीळ जुन्या जागी नव्हतं. ते कोपऱ्यात होतं, आणि सगळ्यांची बिळं त्याच मापाची होती.

"उगवती!" वरून आवाज आला.

"आहोत," सगळे म्हणाले.

पाटावर आता धवलराव बगळा उभा होता. मुंगळ्यांनी आपला माणूस म्हणून त्याला आणून बसवला होता. पांढराशुभ्र, तरतरीत. जुनी फळी जाऊन तिथे दगडी दार आलं होतं आणि त्याला एकाच बाजूला तोंड होतं. धवलरावांचं काम चोख होतं. पहाट झाली की नाव, नाव झालं की पाणी. मध्ये थांबणं नाही, कुणाची वाट बघणं नाही. लोक खूश झाले. पूर्वी किती वेळ फुकट जायचा, असं म्हणू लागले. बेडकांना नवी गाणी येऊ लागली.

गिरजा ओट्यावर गेली. तिची शेवटची ओळ होती तशीच होती, पुढे मोकळा दगड. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्याही. ओळ तिने जिथे सोडली होती तिथे वाळून तडकू लागली.

एका सकाळी ती लवकर उठून वर आली. दार उघडून पाणी सुटलेलं होतं. तेवढ्यात वरून खडा पडला, टप्पकन, मावळतीच्या बाजूला. वरच्याला अजून जुन्या वेळेची सवय होती. धवलराव दोन ढांगांत तिथे गेले, खडा चोचीत धरला आणि लांब फेकून दिला.

"कचरा फार पडतो इथे," ते म्हणाले.

गिरजाने त्यांना सांगून पाहिलं, की तो कचरा नाही, पलीकडे पाणी हवंय अशी ती खूण आहे. पूर्वी दोन नावं पुकारत, तुम्हीही पुकारून बघा. धवलरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. बगळा वाईट नव्हता. तो म्हणाला, "गिरजाबाई, मला एकच नाव शिकवलंय. दुसरं असतं तर तेही मी रोज घेतलं असतं."

तेव्हाही तिने नाव सांगितलं नाही. खाली तळं जागं होतं, ऐकत होतं, आणि तिची जीभ वळली नाही. वर खडे आणखी काही दिवस पडत राहिले. ते फेकून दिलेले गोळा करून ती बिळात ठेवी. मग ते कमी कमी होत गेले आणि एक दिवस थांबले. वरच्यालाही सवय झाली. गिरजाला कशाचं इतकं वाईट वाटलं नव्हतं जितकं त्या दिवशी वाटलं.

नवं तळं लोकांना लवकरच अपुरं पडू लागलं. नवी गाणी जुन्यांपेक्षा जास्त जागा घेत. खंड्या पुन्हा काडीवर येऊन बसला आणि मुकादम पुन्हा आला. तो म्हणाला, की बांधापलीकडे एवढी जागा पडीक आहे, ती मिळवून घेऊ. बांध काढून टाकू. एकच मोठं तळं होईल, पाणी सगळीकडे जाईल.

सभा भरली होती. दादासाहेब मान डोलावत होते. गिरजा पुढे आली आणि तिने ते नाव घेतलं.

"मावळती," ती म्हणाली. "तिथे मावळतीचं तळं आहे. लोक झोपलेत तिथे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

सगळं तळं अंग चोरून बसलं. पाणी तिकडे ओढ घेईल म्हणून पिल्लं आयांना चिकटली. पाणी कुठेही गेलं नाही. दगडी दाराला एकच तोंड होतं.

मुकादमाने तिचं म्हणणं उडवून लावलं नाही. तो स्वतः बांध उतरून गेला, चिखलावर चालला, मिशा लावून पाहिल्या आणि परत आला. म्हणाला, "बाई, कोरडा चिखल आहे. एखादा तरी हलला असता." मग त्याने लोकांना विचारलं, की यांनी पाहिलंय ते आणखी कुणी पाहिलंय का. आणि गिरजाच्या लक्षात आलं, की खुद्द तिनेही काही पाहिलेलं नाही. मावळती जागी असताना बघायला उगवतीचं कुणी जागं असूच शकत नव्हतं. एक होता बघणारा, त्याला त्यांनी गवतात नेऊन ठेवला होता.

ती माळाच्या कडेला गेली. कूर्माजी तिथेच होता, पाठीवर धूळ बसलेली. तो उगवतीकडे तोंड करून ओठ हलवी, मग मावळतीकडे तोंड करून ओठ हलवी. पुकारण्याइतका आवाज फुटत नव्हता. गिरजाने त्याच्यापुढे डोकं टेकलं आणि ती म्हणाली, की बाबा, माझं चुकलं.

"चुकलं तुझं," तो म्हणाला. मग त्याने सांगितलं, की जुन्या उंबराच्या मुळापाशी, भेगेच्या आत, अनसा तिथे निजते.

गिरजा मावळतीच्या चिखलात उतरली. पाठ न फिरवता त्या बाजूला बघायची तिची ती पहिलीच वेळ. चालता चालता तिला पायाखाली कुणाच्या डोळ्यांचे उंचवटे लागले, कुणाच्या पाठीची कड लागली. ज्याला ठाऊक नाही त्याला तो चिखलच वाटला असता. मुळापाशी तिने उकरलं आणि तिला अनसा सापडली. तिच्या मनात होती त्यापेक्षा लहान होती. झोपताना गोगलगाय शंखाच्या तोंडाला पातळ पापुद्रा धरून दार लावून घेते, तसं तिने लावून घेतलं होतं, आणि पापुद्र्याच्या मधोमध एक गोळी बसवली होती. गोळी डावीकडे कललेली होती.

गिरजाने तिला पाठीवर घेतलं. धड पायांवर जोर देत, अधू पाय ओढत, ती बांध चढली आणि उतरली आणि तिने अनसाला उगवतीच्या पाण्यात ठेवलं. तळाच्या फरशीवर शंख दगडासारखा पडून राहिला. गिरजाने कानाशी तिचं नाव घेतलं, तिच्या तळ्याचं नाव घेतलं. दार उघडलं नाही. पाणी होतं, पण चिखल तिचा नव्हता. ज्या मातीत निजलं त्याच मातीत जाग येते, दुसऱ्याच्या फरशीवर नाही, हे गिरजाला सांगायला कुणी लागलं नाही. आजूबाजूच्या बेडक्या बघत होत्या. एक म्हणाली, बिचारी, दगडाशी बोलते.

तेव्हा गिरजाला मुकादमाचे शब्द आठवले. पाणी सगळीकडे जाईल, असं तो म्हणाला होता. सगळीकडे म्हणजे उंबराच्या मुळापाशीसुद्धा. अनसाच्या स्वतःच्या चिखलात. आणि बांध नसणार, म्हणजे पाळीही नसणार. दोघी एकाच पाण्यात, एकाच वेळी जाग्या. त्या विचाराने ती इतकी हरखली की दुसरं काही तिच्या ध्यानात आलं नाही. ती धावतपळत अनसाला परत घेऊन गेली, होती तशी भेगेत निजवली, वरून ओंजळ ओंजळ माती लोटली आणि चापून चोपून बसवली. गोळी नीट आहे ना हे दोनदा पाहिलं. मग बिळात येऊन काम सुरू व्हायची वाट बघत पडली. पहिल्यांदा काय बोलायचं ते ती ठरवत होती. कोपऱ्यांवरून भांडायचं असं ठरलं, आणि झोप लागली.

जाग आली, परत झोप लागली. थोडंच राहिलंय, कुणीतरी म्हणालं.

डोळे उघडले तेव्हा पाणी नजर पोचेल तिथवर पसरलं होतं. बांध नव्हता. बांधच उरला नव्हता, तेव्हा बांधावरचा पाटकरी कुठे गेला हे विचारायला जागा नव्हती. माळाच्या कडेचं गवतही पाण्याखाली गेलं होतं. सामाईक ओटा दादासाहेबांना बसायला दिला होता. वरची बाजू खडबडीत झाली म्हणून तो उलटा करून ठेवला होता, खालची गुळगुळीत होती.

गिरजा नाव पुकारायचीही वाट न बघता निघाली. आगाऊपणा तर आगाऊपणा. तिरकी, लंगडत, पाणी कापत ती मावळतीच्या बाजूला गेली. उंबर तोडलेला होता. तिने बुंधा शोधून काढला आणि मूळ जिथे असायला हवं तिथे नांगी खुपसली.

नांगी वाजली. खाली फरशी होती. पांढरी, गुळगुळीत, चुन्याची, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध. आधी फरशी घातली होती, मग पाणी सोडलं होतं. उगवतीलाही तसंच केलं होतं, तिने स्वतःच्या डोळ्यांनी ती फरशी रोज पाहिली होती. तिच्या ध्यानातच आलं नाही.

ती त्या फरशीवर पोट टेकून पडून राहिली. आणि पडल्या पडल्या तिला पायांतून काहीतरी जाणवलं. नवा चुना थोडं पाणी पितोच. ते पाणी खालच्या मातीत पाझरलं होतं. खाली, तिच्या पोटाखाली, ओल पोचली होती.

"उगवती!" धवलरावांनी पुकारलं.

"आहोत," सगळं तळं म्हणालं.

खालचं कुणी काही बोललं नाही. ते त्यांचं नाव नव्हतं. ते जागे होते, ओल्या मातीत डोळे उघडून पडले होते आणि रीतीप्रमाणे आपलं नाव घेतलं जाण्याची वाट बघत होते.

गिरजा उठली. तिने फरशीला तोंड लावलं आणि कूर्माजी पुकारी तसं, सावकाश, स्पष्ट पुकारलं.

"मावळती."

उत्तर आलं. एकाचं नव्हे, झोपेतून उठलेलं आख्खं तळं मिळून देतं तसं. चुन्यातून येताना त्याचे शब्द झिजले होते, नुसता घुमारा राहिला होता, पण तो आला तो साऱ्या फरशीतून आला, या काठापासून त्या काठापर्यंत. बेडकांच्या पोटाला तो लागला. झिंगे दचकून वर उडाले. पिल्लांनी आयांकडे बघितलं आणि आयांनी दुसरीकडे बघितलं. दादासाहेब ओट्यावर बसले होते. ते किंचित सरकून बसले.

"नवी फरशी आहे," धवलराव म्हणाले. "बसतेय."

ते खरं आहे असं सगळ्यांना मानून घ्यायचं होतं, म्हणून ते खरं झालं. दादासाहेबांनी गळा फुगवून नवं गाणं सुरू केलं. ते मोठ्याने म्हणायचं गाणं होतं, आणि त्या दिवशी सगळ्यांनी ते नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटलं.

त्या लखलखीत तळ्यात चिखल कुठे उरला नव्हता. गिरजाने आपल्या बिळाच्या भिंती खरवडून मूठभर काढला. उंबराच्या बुंध्यापाशी येऊन तिने गोळ्या वळल्या आणि फरशीवर एक ओळ मांडली. ओळीला बाक दिला, आणखी थोडा बाक दिला. या वेळी कोपरा आखूड केला नाही, चांगला रुंद घेतला. मग पुढची जागा मोकळी ठेवून ती बाजूला झाली आणि वाट बघत बसली.